पानावरची फणसपोळी

युगांडा, मार्च १९८७

तीर्थरूप आईस,
सुमेधाचा दुरून नमस्कार. इथली लढाई संपली आहे, तेव्हा गणपतीपुळ्याला नवस बोलू नकोस. आप्पांचा खोकला थांबला का?

इथेही फणस पुष्कळ. गावातल्या बायकांना फणसपोळीचा धंदा उभा करून देते आहे. तुझ्यासारखी ताटांत घाला म्हटलं, तर त्या केळीच्या पानांवरच घालतात. त्यांच्यातली नाकातो म्हणाली, "पळावं लागलं तर पान गुंडाळून नेता येतं." मला हसू आलं.

काल रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला. आवाजासरशी अंगण रिकामं झालं, एक पान मागे राहिलं नाही. मी मात्र ताट धरून तिथेच उभी.

आजपासून मीही पानावरच घालते आहे. एवढं आप्पांना वाचून दाखवू नकोस.

तुझी,
सुमेधा