मधला खांब

३ मार्च
समोरच्या मोबाइलवाल्याच्या दुकानात पहाटे चोरांनी गाडी घातली. शटर, काच, कपाटं, सगळं भुईसपाट. मी जाऊन सांत्वन केलं आणि आधीच काळजी घ्यायला हवी होती हेही सांगितलं. तो काचा गोळा करत राहिला. धक्का बसला असावा.

४ मार्च
बायकोने शिलाई मशीन काचेजवळून उचलून मागे ट्रायल रूमच्या शेजारी नेलं. म्हणे बाहेर ब्रेक करकचला की सुई भलतीकडे जाते. मागे उजेड नाही. लोकांच्या पँटी आखूड करून देणं हा आपल्या दुकानाचा कणा, तो आता अंधारात. चोर काय पँट आखूड करायला येणार आहेत, असं म्हणालो. ती हसली नाही. वाईट वाटलं. मी धडधाकट असताना तिला भीती वाटावी हे बरं नाही.
संकल्प: महिनाअखेर ती पुन्हा काचेजवळ.

७ मार्च
उपाय सापडला. बोलार्ड. म्हणजे गाडी आत घुसू नये म्हणून दुकानापुढे पुरलेले लोखंडी खांब. नाव इंग्रजी असल्यामुळे महाग. पण तिच्या जिवापुढे काय.

१२ मार्च
मेहुणा आला. न विचारता सल्ला देण्याची जुनी खोड. खांब काचेला लागून लावा, गाडी बाहेर राहू दे, म्हणाला. म्हणजे दुकान सुरक्षित आणि माझी गाडी वाऱ्यावर. खांब रस्त्याच्या कडेला लावायचे, गाडी नेहमीसारखी आत काचेसमोर उभी करायची. त्यासाठी मधला खांब कुलूप उघडून उपसता येईल असा. यावर मेहुणा म्हणाला, एवढा खर्च करायचा आणि वर भोक ठेवायचं. नकारात्मक माणूस.

१९ मार्च
खांब उभे राहिले. पिवळे-काळे पट्टे. एका गिऱ्हाइकाने विचारलं, इथे बँक होतेय का. दिवस छान गेला.

२० मार्च
मधला खांब उपसताना कमरेत उसण भरली. नवी पद्धत: मी कोपऱ्यावरून दोनदा हॉर्न वाजवायचा, बायकोने येऊन खांब काढायचा. तिची कंबर मुळात चांगली. हॉर्न ऐकला की छातीत धस्स होतं, म्हणाली. होईल सवय. शिवाय सपाता घालून गाडी चालवू नका, असंही. आयुष्यभर सपाताच घालतोय.

२६ मार्च
आज ती आपणहून म्हणाली, बसून बघते. दोघांनी मिळून मशीन काचेजवळ आणलं. उजेडात तिने पहिल्याच फटक्यात दोरा ओवला आणि माझ्याकडे बघून हसली. इतकं बरं वाटलं की मेहुण्याला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, ताईला सांभाळा. मग मी दुसरं काय करतोय?

३० मार्च, दुपार
अक्षर वाईट येईल.
सकाळी दोनदा हॉर्न वाजवला. ती मशीनवरून उठून आली, खांब काढला, बाजूला उभी राहिली. मी गाडी आत वळवली. सपात पेडलमध्ये अडकली. मी ब्रेकच दाबला होता असं मला अजूनही वाटतं. गाडी काचेतून आत, थेट मशीनवर. तिच्या खुर्चीचा एक पाय बंपरमध्ये अडकला होता.
पोलिसांना सांगितलं, गाडीत दोष असावा. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.
मोबाइलवाला झाडू घेऊन आला. काचा गोळा करू लागला.

संध्याकाळ
शांतपणे विचार केला. एका अर्थी खांबानेच तिला वाचवलं. तो काढायला ती उठली नसती तर... हे तिला समजावायला गेलो. वाक्य पुरं झालं नाही. मलाच रडू आलं. तिने पाणी दिलं.

३१ मार्च
काल दुपारीच तिने वेल्डरला बोलावून मधला खांब कायमचा जोडून घेतला म्हणे. मला विचारलं नाही. गाडी गॅरेजमध्ये, किल्ली तिच्या पर्समध्ये. मी मागितली नाही.
बसने दुकानात गेलो. पायात बूट. ती मागे अंधारात हातशिलाई करत होती. मी दोन खांबांच्या मधून आत आलो, तशी ती केवढ्याने दचकली.
गाडी नव्हती. नुसता मीच होतो.