बाहेरच्या बाजूची कडी

मी, या गल्लीत लोकांचे कपडे शिवून दोन मुले वाढवलेली विधवा बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्या दडपणाखाली न येता, आज डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवत आहे. 'आज' हा शब्द मुद्दाम घातला आहे. मला स्मृतिभ्रंश झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. उद्याची हमी ते देत नाहीत, मीही देत नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात हे मला ठाऊक आहे. हे मात्र मुलांनी आजच वाचावे, कारण मी मरण्याच्या बऱ्याच आधी जाणार आहे.

कलम पहिले. शिलाई मशीन, इस्त्री आणि कागदी पॅटर्न मुलीला द्यावेत. विकले तरी चालतील, पण आधी मशीनला तेल घालावे. हे दुखणे मला कात्रीनेच आधी सांगितले. एका कोटाचे कापड कमी होते म्हणून बाह्या एकेक कापल्या, आणि पॅटर्न उलटायचा राहिला. दोन्ही बाह्या डाव्या झाल्या. शिकाऊ मुलीसुद्धा महिन्याभरात ही चूक सोडतात. मी मात्र दुपारभर ती बाही उजव्या खांद्याला लावून पाहत होते आणि गिऱ्हाइकाच्याच खांद्यात काहीतरी बिघाड आहे असे समजत होते.

भरतकामाची चौकटही मुलीलाच. कॉन्व्हेंटात भरतकाम शिकवणाऱ्या मदर आमचे काम आधी उलटे करून पाहत. मागची बाजू गाठींनी भरलेली असली की सगळे उसवायला लावत. आता माझी मागची बाजूच वर यायची आहे. मुलांनी ती पाहून घाबरू नये.

जाऊबाईंनी माझ्या कापडाच्या कात्रीने पुठ्ठा कापला होता आणि वर "कात्री ती कात्री, त्यात काय एवढं?" असे विचारले होते. ती बोथट कात्री त्यांनाच द्यावी. बाकी काही देऊ नये.

कलम दुसरे, माझ्या सांभाळाविषयी. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, हेच दुखणे होते. तिच्या घरच्यांनी तिला मागच्या खोलीत ठेवले. औषध, जेवण, धुतलेली चादर, सगळे वेळच्या वेळी. दाराला बाहेरून कडी. मी जाई तेव्हा ती दाराला कान लावून बसलेली असे. पूर्वी गुणगुणायची, मग तेही थांबले. सगळे म्हणत, "आता बघा, कशी शांत झाली." त्या शांततेची मला अजून भीती वाटते.

एकदा मी तिच्यापुढे बटणांचा डबा ओतला. ती रंगांप्रमाणे बटणे वेगळी लावत बसली, तोंडाने पुन्हा गुणगुण सुरू झाली. मधेच मला म्हणाली, "छान बटणं आहेत हो तुमची. तुम्ही कुणाच्या?"

मी म्हणाले, "तुमचीच."

"मग बसा की," ती म्हणाली.

म्हणून मला "ओळखलंस का?" असे विचारू नये. माझी चूक दुरुस्त करत बसू नये. हातात कापड द्यावे, अंगाला हात लावण्याआधी सांगावे, आणि मी गुणगुणते आहे की नाही इकडे लक्ष ठेवावे.

कलम तिसरे. घर दोघांना निम्मे, असे ठरले होते. परवा माझ्या खोलीच्या दाराला बाहेरून नवी कडी दिसली. मी मुलाला विचारले. तो म्हणाला, "आई, मी नाही लावली."

"मग काय आपोआप उगवली?"

"बस जरा, सांगतो."

मी बसले नाही. खोलीत येऊन लिहिले, की घर एकट्या मुलीला, आणि मुलाला फक्त ती कडी.

आज साक्षीसाठी डॉक्टर आणि शेजारचा सुतार आले. मी हे कलम वाचून दाखवले, तसा सुतार चुळबुळ करू लागला. म्हणाला, "बाई, ते खोडा. कडी तुम्हीच लावून घेतलीत माझ्याकडून. मी म्हटलं, बाहेरून कशाला? तर म्हणालात, मी बाहेर पडते आणि मग घर सापडत नाही. मला कोंडा."

मला यातले काहीही आठवत नाही. सुताराला खोटे बोलायचे कारण नाही. मुलगा दाराशी मान खाली घालून उभा होता.

म्हणून मुलाला फक्त कडी, हा वरील मजकूर रद्द. घर दोघांना निम्मे. पुढेही मी मुलावर आळ घेईन, कदाचित याहून वाईट. तेव्हा त्याने हे कलम काढून वाचावे.

कलम चौथे आणि शेवटचे. कडी मागणारी बाईही मीच होते, आणि ती फार घाबरलेली असणार. तिची मला दया येते, पण तिचे म्हणणे मी मान्य करत नाही. माझे दार उघडे ठेवावे. मी निघाले तर कुणीतरी बरोबर चालावे, मागे ओढू नये. एखाद्या दिवशी मी सापडणार नाही. तो धोका माझा आहे, त्यासाठी माझ्या मुलांना कुणी बोल लावू नये. कडी आजच, माझी सही होताच, साक्षीदारांसमोर काढावी. मी नको म्हटले तरी काढावी.

ठिकाण: माझी शिवणाची खोली.
तारीख: डॉक्टरांनी कॅलेंडर झाकून विचारली. मी सांगितली ती आजचीच निघाली, तीच वर कोपऱ्यात घातली आहे.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार

डॉक्टर: बाईंनी माझ्यासमोर सर्व वाचून, समजून सही केली.

सुतार: सही झाल्यावर लगेच कडी काढायला घेतली. बाईंनी माझा हात धरला. "नको हो दादा, मी बाहेर जाईन," म्हणाल्या. सोडत नव्हत्या. तरी काढली.