बारा नंबरची बायको

मार्लो, पेनसिल्व्हेनिया
१ ऑक्टोबर २०१९

प्रिय अ‍ॅगी,

तू आणि विन्स मजेत असाल. विन्सचा गुडघा कसा आहे? फ्लोरिडात म्हणे अजून पंखे लावून झोपता. इथे आता लवकरच सकाळी गाडीच्या काचांवरचा बर्फ खरवडावा लागेल. स्टश बरा आहे, खातो-पितो. मी अजून दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी लाटायला जाते. रोझ हुडाक अजून सगळ्यांच्या पिरोग्यांना नावं ठेवते आणि स्वतःच्या मात्र उकळत्या पाण्यात फुटतात.

फोन न करता पत्र का, म्हणशील. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, आणि मला या वेळी भांडायचं नाही.

शाळेचं तुझ्या कानावर आलंच असेल. नदीच्या अलीकडची आमची मार्लो आणि पलीकडची तुमची ब्रेडन, दोन्ही मिळून एकच शाळा झाली. कारखाना बंद पडल्यावर इथे पोरं राहिली किती? दोन्हीकडे फुटबॉलची धड एक टीम उभी राहीना. नव्या शाळेचा रंग निळा ठेवलाय. आमचा गडद तांबडा मरून नको आणि तुमचा हिरवाही नको, म्हणून निळा. त्यामुळे दोन्ही गावं सारखीच चिडलेली आहेत.

आता मैदानाच्या भिंतीवर दोन्ही शाळांच्या इतिहासातल्या सर्वात मोठ्या खेळाडूंच्या जर्सी लावायचं ठरलंय. तुमचा ‘मालगाडी’ स्टोफको आहे. त्याला पाडायला तिघे लागायचे, आणि कॉलेजात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आईची आठवण येऊन बसने घरी परत आला होता, तोच. आमचा डार्नेल प्रुइट आहे. तो पळायला लागला की बाबा ओठातली सिगरेट पेटवायची विसरायचे. कोस्टा भाऊ तिघेही घेतलेत, कारण एकालाच घेतलं तर त्यांची आई कमिटीच्या दारात येऊन बसली असती.

नियम एकच आहे. ज्यांचा नंबर शाळेने मानाने बाजूला काढून ठेवला, पुन्हा कुणाला घालू दिला नाही, त्यांचीच जर्सी काचेत लागणार. आणि एका नंबरला एकच नाव. चव्वेचाळीस नंबर दोन्हीकडे होता. ते दोघेही आता हयात नाहीत, म्हणून घरच्यांनी नाणं उडवून ठरवलं. दोन्हीकडे असलेला दुसरा नंबर बारा, इकडे स्टशचा, तिकडे विन्सचा, ते तुला सांगायला नको. कमिटीची डॉना पाव्हलिक मला म्हणाली, “लूडी, बारा नंबरचं तुमचं तुम्ही घरात मिटवा. मला अजून चार दिवस जगायचंय.”

तुला आठवतं का, लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या ख्रिसमस कार्डावर मी सही केली होती, ‘बारा नंबरची बायको’. तू उलट टपाली कार्ड धाडलंस, ‘खऱ्या बारा नंबरची बायको’. मग कित्येक वर्षं आपण तशाच सह्या करत राहिलो. आई म्हणायची, “माझ्या पोरींनी नवरे केले का नंबर?”

तेव्हा गंमत होती. पण स्टशची ती टकळी काही थांबली नाही. थँक्सगिव्हिंगच्या सकाळची ती मॅच, शेवटचा मिनिट, विन्स चेंडू काखेत मारून कडेकडेने पळतोय आणि स्टश त्याच्या मागे. विन्सने चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन केला, ब्रेडन जिंकलं. तेव्हापासून स्टशचं एकच पालुपद: विन्सचा पाय कडेच्या रेषेबाहेर पडला होता, तो टचडाउन धरायलाच नको होता. तुमच्या लग्नात म्हणाला, पोरांच्या बाप्तिस्म्याला म्हणाला. आईला पुरून आलो त्या जेवणातही म्हणाला, तेव्हा विन्सने हॅमची बशी खाली ठेवली, कोट चढवला, आणि तू त्याच्यामागे निघून गेलीस. बारा नंबरने आपल्या घराचे बारा वाजवले. त्यानंतर तुझी-माझी वाढदिवसाची कार्डं तेवढी राहिली, तीही छापील मजकुराची.

वर लिहिलंय की स्टश बरा आहे. खातो-पितो एवढं खरं आहे.

गेल्या बुधवारी डॉनाने त्याची जुनी मरून जर्सी फोटोसाठी घरी पाठवली. मी नूडल्सच्या हालुश्कीसाठी कोबी चिरत होते. हात पुसून बाहेर आले, तर दार उघडं, स्टश नाही आणि जर्सीही नाही. शेजारच्या तिन्ही घरांत विचारलं, गॅरेजमध्ये पाहिलं. चर्चकडे जायला गाडीची किल्ली उचलली तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून, ब्रेडनमधून. विन्सच्या आईच्या घरासमोर बड ओलेस्की राहायचा ना, तो अजून तिथेच आहे.

“लूडी,” म्हणाला, “तुमचा बारा आमच्याकडे आलाय. पूल चालत ओलांडलान, घरातल्या सपाता घालून. वर मरून जर्सी हातात. आमच्या वेळी जिवंत परत नसता गेला.” मग म्हणाला, “सावकाश ये. मी बसलोय त्याच्याजवळ.”

स्टश तुझ्या सासूच्या जुन्या पायऱ्यांवर बसला होता. जर्सी नीट घडी करून मांडीवर. आता तिथे राहणाऱ्या पोरीने त्याला कॉफी दिली होती.

“इथे काय करतोयस?” मी विचारलं.

“विन्सची जर्सी द्यायला आलो. आपल्याकडे राहिली होती.”

“ही तुझी आहे, स्टश. रंग बघ की, मरून आहे.”

“बारा आहे,” तो म्हणाला. मलाच काही कळत नसल्यासारखं समजावून म्हणाला, “बारा विन्सचा.”

“आणि तुझा कोणता?”

त्याने जर्सीची घडी पुन्हा नीट केली. “मी त्याच्या मागे पळत होतो,” म्हणाला.

त्याला गाडीत बसवून निघाले. पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा खिडकीबाहेर बघत बोलला, “पाय आत होता, लूडी. मी मागेच होतो ना. मला दिसला.”

मी पूल उतरल्याबरोबर गाडी कडेला घेतली आणि ढसाढसा रडले. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. “हरलात का तुम्ही?” असं विचारलंन मला.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितल्याला आता दोन वर्षं होत आली. मी कुणाला बोलले नाही, तुला तर नाहीच. तुला सांगितलं असतं तर तू विन्सला सांगितलं असतंस आणि विन्सला त्याची कीव आली असती. स्टशवर कुणी चिडलेलं मला चालतं. त्याची कीव केलेली चालत नाही.

आजारामुळे तसं बोलला, का इतकी वर्षं मनात ठेवून होता, मला खरंच ठाऊक नाही. आता विचारायची सोयही नाही. पण हे विन्सने माझ्या पत्रात वाचून भागणार नाही, अ‍ॅगी. त्याने ते स्टशच्या तोंडून ऐकायला हवं. आज स्टशला विन्स आठवतो. ख्रिसमसपर्यंत आठवेल का, सांगता येत नाही. मला तो कधी कधी त्याची आई समजतो. तुलाही कदाचित ओळखणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. पण रोज दुपारी बाहेर दोन खुर्च्या मांडतो आणि आत येऊन विचारतो, “विन्स निघाला का घरून?” मी म्हणते, “निघाला.” मला खोटं पाडू नकोस.

अठरा तारखेच्या शुक्रवारी मैदानावर कार्यक्रम आहे. डॉनाला मी कळवून टाकलंय, बारा विन्सचा. तिने दोनदा विचारलं, तुमचं नक्की ठरलं ना? मी म्हटलं, स्टशनेच ठरवलंय. मरून जर्सी आमच्या घरीच राहील, आता तो ती पांघरूनच बसतो.

विन्सला सांग, गुडघा दुखत असेल तर विमानतळावर चाकाची खुर्ची मागव, लाजू नको. मी गाडी घेऊन येईन. वरच्या खोलीत धुतलेल्या चादरी घातल्यात. हॅम करणार नाही.

तुझी धाकटी,
लूडी
खऱ्या बारा नंबरच्या बायकोची बहीण