टाकीवर काय काढलं होतं?

प्रिय गौरीचे पप्पा,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. गरजच पडली नाही. खाणीत पहिल्या पाळीला गेलात की तीन वाजता दारात हजर. लग्न ठरल्यावर तुम्ही कुरखेड्याहून फोन करायचात, तेव्हाही अर्धा वेळ 'आणखी काय?' यातच जायचा. आज लिहायला बसले, कारण मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. ती जगात दोघांनाच माहीत होती. त्यातले एक तुम्ही. दुसरी सांगत नाही.

सकाळी गौरीच्या शाळेतून बोलावणं आलं होतं. चित्रकलेच्या बाईंनी वही माझ्यापुढे उघडून ठेवली. वर विषय लिहिलेला, 'माझे घर'. खाली कोरं. पुढच्या पानावर 'आवडता प्राणी', तेही कोरं. बाई रागावल्या नाहीत, उलट हळू आवाजात म्हणाल्या, "आधी तर ही दुसऱ्या पोरींच्या वहीत पन काढून द्यायची. घरी काढते का?" मी म्हटलं, "हो, काढते ना कधी कधी." सरळ खोटं बोलले. तुम्ही गेल्यापासून तीन महिने झाले, रंगाचा डबा तिनं उघडलेला नाही.

घरी आल्यापासून माझे हातपाय ठिकाणावर नाहीत. घासलेली भांडी पुन्हा घासली. खिडकीचा कट्टा दोनदा पुसला. या चार ओळी लिहीपर्यंत तीनदा उठले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बस ना एका जागी, काऊन भोवऱ्यासारखी फिरून राह्यली?" बसवत नाही हो! काय करू?

तुम्हाला माहीतच आहे माझा स्वभाव. घुग्घुसात राहायचं आणि घर स्वच्छ ठेवायचं म्हणजे रोजची लढाई. खाणीची काळी धूळ, सिमेंटची पांढरी धूळ, वरून ट्रक. सकाळी पुसलेला कट्टा दुपारी बोट लावलं की काळा. आपल्या क्वार्टरांच्या लाइनीत कोणाच्या दारात किती लख्ख आहे, यावर बाईची पारख होते. मी त्यात कधी मागे राहिले नाही, आणि त्याचा मला तोरा होता. खोटं कशाला सांगू?

आणि तुम्ही! तुम्ही आणि ती पोरगी, दोघं मिळून माझ्या स्वच्छतेवर उठलेले. ड्युटीवरून गाडी दारात लागली की गौरी पळत बाहेर. मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर दिवसभराची धूळ बसलेली, त्यावर ती बोटानं चित्र काढायची. तुम्ही अंघोळ नाही, चहा नाही, तसेच काळ्या तोंडानं शेजारी उकिडवे बसून पाहायचात. मी आतून ओरडायची, "हात काळे होऊन राह्यले तिचे! तेच हात गालाले लावते!" तुम्ही म्हणायचात, "लावू दे. साबन कायसाठी आनला मंग?"

बरं, काढलं तर काढलं. पण दुसऱ्या दिवशी तशीच गाडी घेऊन ड्युटीवर! धुवायची नाही, पुसायची नाही. थंडीत तर दव पडून सिमेंटची धूळ पक्की बसायची, चित्र दोन-दोन दिवस टिकायचं. तुम्ही खाणीच्या स्टँडवर गाडी लावून सगळ्यांना बोलावून दाखवायचात म्हणे. मला लाज वाटायची. लोक म्हणतील, याच्या बायकोला गाडी पुसायला एक फडकं मिळत नाही का? हे मी तुम्हाला बोलूनही दाखवलं होतं. तुम्ही नुसते हसलात.

एकदा तिनं कोंबडी काढली होती, चार पायांची. मी जाता जाता म्हटलं, "अगं, कोंबडीले दोनच पाय असतात." तिचं तोंड उतरलं. तुम्ही मान वाकडी करून टाकीकडे पाहत राहिलात आणि म्हणालात, "ही पळून राह्यली असन. पळताना चार दिसते." ती उड्या मारायला लागली. खरंच तसंच काढलं होतं का तिनं, की तुम्ही सांभाळून घेतलं? हेही तुम्हाला कधी विचारलं नाही.

पळसाच्या फुलांवरून मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नव्हते, आठवतं? माझ्या नव्या पातेल्यात फुलं उकळलीत तुम्ही दोघांनी. रंग सुंदर आला, पातेलं गेलं. त्या रंगानं तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला अख्खं जंगल काढलं. मी पातेल्याकडेच पाहत बसले, जंगलाकडे नाही. आता रस्त्यानं पळस पुन्हा फुललाय. ती त्याच्या खालून शाळेत जाते आणि वर बघत नाही.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी बसले आहे.

तुम्हाला ड्युटीवर छातीत दुखलं, तिथूनच दवाखान्यात नेलं, आणि तिथून तुम्ही घरी आलात ते तसे. गाडी स्टँडवरच राहिली. पाचव्या दिवशी दिलीप भाऊजींनी ती घरी आणून लावली. तुमचा धाकटा भाऊ बिचारा, गाडी लावून तिच्याच सीटवर डोकं टेकवून उभा होता. तेरवी व्हायची होती, कुरखेड्याची माणसं यायची होती. दारात ती धुळीनं भरलेली गाडी. मी बादली घेतली, साबण घेतला आणि धुऊन काढली. काही विचार केला नाही. हात सवयीनं चालले. रडत होते आणि घासत होते.

गौरी शेजारी शबाना भाभीकडे होती. आली आणि दारातच थांबली.

"मम्मी, गाडी कोनं धुतली?"

"मी."

"टाकीवर होतं ते पाह्यलं तू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी तिनं काहीतरी काढलं होतं. तेच घेऊन तुम्ही शेवटच्या ड्युटीवर गेला होतात. मी म्हटलं, "हो, पाह्यलं ना."

"काय होतं?"

"फूल होतं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रडली असती, आदळआपट केली असती तर मी तिला कुशीत घेतलं असतं. ती सरळ आत गेली. आठ वर्षांच्या पोरीला कळलं की आईनं पाहिलंच नाही. त्या दिवसापासून डबा बंद आहे.

मी गप्प बसले असं समजू नका. तुमच्या पाळीतल्या लोकांना विचारलं. मोरेश्वर भाऊ म्हणाले, "वहिनी, वाघ होता. मस्त वाघ होता." दुसरे एक जण म्हणाले, बस होती, खिडक्यांची. मग मोरेश्वर भाऊंना पुन्हा विचारलं तर ते मान खाली घालून म्हणाले, "खरं सांगू का? मले त्याचं हसनंच याद हाये. हे पा माह्या पोरीनं काय काढलं, असं म्हनून हसत होता. मी घाईत होतो." म्हणजे तुमचं हसणं सगळ्यांना आठवतं आणि चित्र कोणालाच नाही!

आणि तरी मी मूर्खासारखी घरी येऊन तिला म्हटलं, "गौरी, मले आठोलं. वाघ होता ना?"

"नाई," ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

नवा रंगाचा डबा आणला, मोठा. जाड कागदाची वही आणली. "काढ बेटा, काहीबी काढ," म्हणून मागे लागले. जितकं म्हणते तितकी ती लांब सरकते. म्हणून तुम्हाला विचारते. काय होतं हो त्या टाकीवर? एकदा कळलं की मी तिच्यापुढे ताठ मानेनं उभी राहीन. आता तिच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. आणि तुमच्यावर रागही येतो, हे सांगून टाकते. सगळ्या स्टँडला बोलावून दाखवलंत, मला एकदा हाताला धरून बाहेर का नाही नेलंत? मी ओरडले असते, पण पाहिलं तरी असतं.

थांबा. शाळेची ऑटो आली.

आता साडेसहा झालेत. चहा ठेवला होता, तो आटून गेला.

ती आली, पायरीवर बसून बूट काढायला लागली. मी तिच्यासमोर खालीच बसले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "गौरी, मी पाह्यलं नव्हतं. फूलबी नाई, वाघबी नाई. पानी टाकलं अन् पुसून काढलं. तुह्याशी खोटं बोलली मी."

तिनं बुटाचा पट्टा सोडवला. "मले माहीत हाये."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू रडत होती तवा." मग दुसरा बूट ओढत, "अन् मंग तू खोटंच बोलून राह्यली."

मी न राहवून विचारलंच, "काय होतं ते आता तरी सांगशीन?"

तिनं खरंच विचार केला. तुमच्यासारखी मान वाकडी करून. "नाई. ते पप्पाचं होतं. पप्पानं पाह्यलं ना, मंग झालं."

मला वाटलं, संपलं. मी उठायला लागले. तेवढ्यात ती म्हणाली, "तुह्यासाठी काढलं तर तू पाहशीन?"

मला रडू आलं. मान हलवली. तिनं ना डबा मागितला, ना वही. एक बिस्कीट तोंडात, एक हातात, आणि गेली शबाना भाभीकडे खेळायला.

तेव्हा आता तुम्हाला विचारलेलं मी परत घेते. तुमचं आणि तिचं जे होतं ते तुमच्या दोघांतच राहू द्या. मी पुन्हा कोणाला विचारणार नाही, तिलाही नाही. ती कधी काढेल, हेही विचारणार नाही. उद्या काढेल, नाहीतर सहा महिन्यांनी. त्यासाठी तिच्या मागे लागणार नाही, हे माझ्यासाठी सगळ्यात अवघड आहे, तुम्हाला सांगायला नको.

पण एवढा शब्द देते. ती हाक मारेल तेव्हा हातात काहीही असलं तरी ते तिथंच टाकून येईन. तिच्या शेजारी उकिडवी बसेन. ती बोट उचलेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. आणि पाहीन. आधी पाहीन.

तुमची,
सुषमा