उतारावरचं पेट्रोल

दादा,

वसतिगृहाच्या लॉरीला आता पूर्वीच्या निम्मंच पेट्रोल मिळतं. लढाई लांबच्या मुलखात चालली आहे, पण पेट्रोलचा परवाना इथल्या कचेरीतून कापून येतो. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण पेट्रोलविषयी बोलणारं आपल्या घरात तुमच्यानंतर कुणी उरलं नाही. आईसमोर मी मोटारीचा विषय काढत नाही. रस्त्यावरून मोटार गेली तरी ती पदर तोंडाला लावते आणि धूळ बसेपर्यंत खाली करत नाही.

मी, तुमची लेक, बी.ए. झाले. आपल्या घरात पहिलीच. हैदराबादेत सगळं उर्दूतून शिकले, आता बीडला मुलींच्या एका खाजगी शाळेत मराठीतून शिकवते आणि शाळेला लागून असलेल्या वसतिगृहाची देखरेख करते. घाटावरच्या गावांतल्या पोरी आमच्याकडे राहतात. त्यांना मिळवायला मी गावोगाव फिरले. बापमंडळी ऐकून घेत, चहा पाजत आणि शेवटी एकच अट घालत, की जुम्म्याच्या, शुक्रवारच्या सुट्टीला पोर घरी दिसली पाहिजे. म्हणून शाळेच्या कमिटीने एक जुनी लॉरी घेतली. भली मोठी आहे, मागून उघडी, तुमच्या लॉरीसारखीच. गुरुवारी दुपारी ती घाट चढून पोरींना घरी पोचवते आणि शनिवारी पहाटे मांजरसुंब्यावरून पुन्हा खाली आणते. लॉरी थांबली की पोरी घरीच राहणार. पुढचं मला पाठ आहे, वर्षाच्या आत त्यांची लग्नं होतील.

परवाना कापला त्या दिवशी कमिटीचे चिटणीस म्हणाले, "बाई, पाटोद्याच्या वाटेवरचं शेवटचं गाव सोडून द्या. बाकीच्यांचं तरी भागेल." मी म्हणाले, आधी लॉरीचं खाणं कमी करून बघते. ते हसले. "मोटार काय म्हैस आहे का, पेंड कमी केली आन् भागलं?" तुम्ही हेच करत होता, आणि ते मी पाहिलेलं आहे.

अजून डोळ्यांपुढे आहे, तुम्ही कापसाच्या जिनिंगवाल्या मालकाची लॉरी चालवता. मालक प्रत्येक खेपेला ठरलेले डबे मोजून देतो, आणि खेप पुरी करून जे उरेल ते ड्रायव्हरचं, असा त्याचा रिवाज आहे. उरलेलं तुम्ही मांजरसुंब्याच्या मिस्त्रीला विकता आणि त्यावर माझं औरंगाबादच्या शाळेतलं शिक्षण चालतं. सुट्टीत आले की मी तुमच्या शेजारी बसते. तुम्ही वहाणा काढून सीटखाली सारता आणि अनवाणी पायाने पेट्रोल देता. तळव्याला इंजिन कळतं, वहाणेला कळत नाही, असं म्हणता. निघण्याआधी लाकडी ठोकळ्याने प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐकता, कारण मऊ टायर पेट्रोल पितं. ऊन चढायच्या आत निघता. गाडी उभी करायची तर तोंड उताराकडे करून. आणि चढावर काही झालं तरी थांबायचं नाही.

एकदा मी थांबवायला लावलं. घाटात सीताफळांच्या पाट्या घेऊन एक फळवाली बसली होती आणि मला डोळे उघडलेलं, पिकायला आलेलं सीताफळ दिसलं. तुम्ही थांबला नाहीत. मी हट्ट धरला तेव्हा तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणालात, "चढावर गाडी उभी करून फिरून उचलायला किती जातं ठाव हाय का? तुज्या पुस्तकाचं एक पान गेलं समज. सीताफळ खाती का पान वाचती?" मागून फळवाली ओरडली, "ओ डायवर, तुमची मोटार काय गाभण हाय का, उबी राहिना ती?" तुम्ही मोठ्याने हसलात. मी रुसून बसले होते. माथ्यावर सपाटी आली तिथे तुम्ही गाडी उभी केलीत, उतरलात, तेवढा घाट पायी उतरून गेलात आणि धोतराच्या ओच्यात सीताफळं घेऊन वर आलात. घामाने भिजला होता. पायाला काही पेट्रोल लागत नाही म्हणालात.

आईला हे उरवणं आवडत नव्हतं. आपल्या स्वयंपाकघरात चुलीपुढे बसून ती भाकरी थापते आहे आणि तुम्ही हात धुऊन ताटावर बसला आहात. ती भाकरीकडे बघूनच म्हणते, "मोटारीच्या पोटातलं काडून पोरीच्या पोटात घालायचं. असलं शिक्शान कावून पायजे?" तुम्ही म्हणता, "चोरत न्हाई, उरवतो." "उरवतो म्हनं! घाटात मोटार बंद करून सोडता, ते मला कळत न्हाई व्हय? मिस्त्रीची बायको समदं सांगती." तुम्ही भाकरीवर कोरड्यास मागून घेता. मी तेव्हा विचारलं होतं, की बंद करून सोडता म्हणजे काय. तुम्ही ताटाजवळचा पाण्याचा तांब्या उचलून कलता धरलात आणि म्हणालात, उतारावर गाडी आपल्या वजनानेच जाते, मग इंजिनाला फुकट कशाला पाजायचं. आई म्हणाली, "आन् धरायचं कुनी तिला?" गियरात असली की इंजिनच गाडीला मागून धरून ठेवतं, हे आईला कुणी शिकवलं नव्हतं, पण प्रश्न तिने बरोबर विचारला होता. तुम्ही म्हणालात, ब्रेक आहे की.

औरंगाबादला पहिल्यांदा पाठवलंत तेव्हा पेट्रोलचे रिकामे डबे कापून तुम्ही कल्हईवाल्याकडून माझ्यासाठी ट्रंक करून घेतलीत. आतून तिला हिरवा रंग दिलात. तरी सगळ्या कपड्यांना पेट्रोलचा वास लागला आणि मुली मला मोटारवाली म्हणू लागल्या. मी तो वास घालवायचा प्रयत्न केला नाही. एवढंच आठवतं, अभिमान वगैरे काही वाटला का ते आठवत नाही.

घाटात लॉरी कोसळून तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेतच होते. काका न्यायला आले. घरी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. बायका भिंतीला धरून बसल्या होत्या आणि मी रडायची वाट बघत होत्या. कुणीतरी पिठलं-भाकरी पुढे ठेवली. मी ती सगळी खाल्ली, हात धुतला आणि ताट घासून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीचाचा आले. दारातच टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि माझ्याशीच बोलले. "बेटी, तेरे कू झूट नै बोलता मैं. मैंने जाके देखा. चाबी बंद थी, गेर निकाला हुआ था. ब्रेक जल गए थे." मी बरं म्हणाले. त्यांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्यांनी मराठीतून पुन्हा सांगितलं. मी पुन्हा बरं म्हणाले. पेट्रोल कशासाठी उरवत होता हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी मला बोललं नाही. पुढे मालकाने फी भरली आणि मी शिकत गेले. परीक्षा आल्या, पास झाले. पदवीचा कागद हातात आला तेव्हाही पिठलं-भाकरीच्या वेळेसारखंच वाटलं, म्हणजे काहीच नाही.

तर परवाना कापल्यावर मी लॉरी घेऊन मिस्त्रीचाचांकडे गेले. आता त्यांची दाढी पांढरी झाली आहे. त्यांनी प्लग घासले, कार्बुरेटर उघडून साफ केला, टायरमध्ये हवा भरली आणि मागच्या बाजूचे लोखंडी आडवे गज काढून टाकायला लावले. "आधा मन लोहा फुकट फिराते तुम लोग," म्हणाले. मी पोरींच्या ट्रंका बंद केल्या, एक गाठोडं पुरे म्हटलं. त्यांच्या खाण्याची ज्वारीची पोती घरच्यांनी बाजाराच्या दिवशी बैलगाडीने पाठवायची ठरवली. ड्रायव्हरला अनवाणी चालवायला सांगितलं. तो कसबी माणूस आहे, तुम्ही गेलात त्या वयाहून थोडा लहान असेल. आधी लाजला, मग म्हणाला, "बाई, खरंच कळतंय की हो पायाला!" चढावर थांबणं बंद केलं. चढावर घरं असलेल्या पोरींनी गाडी धरायला गाणी म्हणत सपाटीपर्यंत चालायचं. एवढं सगळं करून पेट्रोल बरंच वाचलं. शेवटच्या गावापुरतं मात्र कमीच पडलं.

ड्रायव्हर म्हणाला, "आता एकच राह्यलं बाई. घाट उतरताना बंद करून सोडतो. तेवड्यात ते गाव निगतंय."

"नाही."

"समदेच सोडत्यात. तुमचे वडील बी..."

"मला माहीत आहे. पोरी आहेत मागे. नाही म्हणजे नाही."

"मंग त्या गावच्या पोरींचं कसं?"

त्याच संध्याकाळी मी त्या गावी गेले. चौघी पोरींचे बाप पारावर बसले होते. मी म्हणाले, लॉरी इथवर येणार नाही, पोरींना मांजरसुंब्यापर्यंत चालावं लागेल. सगळ्यात म्हातारा होता तो म्हणाला, "अंधारात पोरी कुनासंगं धाडायच्या?" मी म्हणाले, माझ्यासंगं. दर जुम्म्याच्या रात्री मी तुमच्याकडे मुक्कामाला येईन आणि पहाटे त्यांच्याबरोबर चालेन. तो माझ्या पायांकडे बघत राहिला. "बी.ए. झाली न्हवं तुमी?" "झाले." "मंग चालाल," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले असणार.

तेव्हापासून आम्ही चालतो. पोरी पुढे, मी मागे. पायांना फोड आले, फुटले, मग कातडी जाड झाली. थंडीत एका पोरीला ताप आला तेव्हा तिला पाठुंगळी घेतलं. आजवर एकही पोर शाळेतून सुटलेली नाही, हे तुम्हाला सांगायचं होतं. सांगताना आनंद व्हावा असं वाटतं. कमिटीत मी हे सांगते तेव्हा लोक माझ्याकडे आदराने पाहतात आणि मला हिशेब पुरा झाल्यासारखं वाटतं, त्याहून जास्त काही नाही.

गेल्या शनिवारी आम्ही मांजरसुंब्याला पोचलो तेव्हा मी लंगडत होते. ड्रायव्हरने पाहिलं. पोरी मागे चढल्या, मी त्याच्या शेजारी बसले. घाटाच्या तोंडाशी त्याने गियर काढला आणि चावी फिरवली. मला न विचारता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, तुमचं असं चालनं मला बघवंना. वाचंल तेवडं वाचू द्या, पुडच्या खेपंला गावापस्तोर नेतो."

इंजिन थांबलं आणि इतका वेळ किती आवाज होता ते तेव्हा कळलं. चाकांखाली खडी सरकत होती. वाऱ्याचा आवाज होता. मागे एक पोर दुसरीला पाढा म्हणून दाखवत होती, त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. खाली झुडपांत कुठेतरी एक लावा पक्षी बोलला. लॉरी आपल्या वजनानेच खाली चालली होती, वळणावर थोडी कलत होती, आणि माझे हात मांडीवर सैल पडले होते. तुम्ही इतकी वर्षं हे ऐकत घरी येत होता. कधी बोलला नाहीत. मला वाटायचं तुम्ही ते नुसतं माझ्यासाठी करता.

मग मी "चालू करा" म्हणाले. त्याने लगेच चावी फिरवून गियर टाकला, लॉरीने हिसका दिला, इंजिन पेटलं आणि पोरी किंचाळून हसल्या. त्याने माफी मागितली. पुन्हा करणार नाही म्हणाला आणि तो करणारही नाही, तसा माणूस आहे. उद्याही आम्ही चालतच येणार.

हे पत्र मी कुणाच्या हाती देणार, आणि कुठे? आईला वाचून दाखवणार नाही. मिस्त्रीचाचांनाही नाही. बीडला उतरल्यावर मी चिटणिसांना सांगितलं की ड्रायव्हरने घाटात इंजिन बंद केलं होतं आणि मी त्याला ताबडतोब चालू करायला लावलं. ताबडतोब नव्हतं, दादा. पहिलं वळण मी तसंच जाऊ दिलं, आणि दुसरंही.