नव्या मशीनवर बटईचं वावर

मनीषनगर, नागपूर
शुक्रवार, दुपार

चि. अंकुश यास रुपरावकाकाचे आशीर्वाद.

तू पुण्यात खुशाल असशील, पोटभर जेवत असशील आणि त्या ऑफिसवाल्यांनी तुले रविवारी तरी सोडलं असेल, असं धरून चालतो. इकडं आमचं बरं आहे. माझा नवा गुडघा वळून राहिला, तुझ्या काकूचं बीपी गोळीने ताब्यात आहे, आणि तिचं माझ्यावरचं लक्ष कोणत्याच गोळीने कमी होत नाही. पत्र काहून लिहिलं म्हणशील, तर फोनवर तू माझं अर्धं ऐकतो आणि मधातच "हो काका" म्हणून मोकळा होतो. कागदावर तुले तसं करता येत नाही.

सोमवारी आम्ही जेवून राहिलो होतो आणि तुझा मेसेज आला. गेमचं नवं मशीन जाहीर झालं, घरी टीव्हीलेही लागते आणि हातात घेऊन कुठंही नेता येते, दिवाळीत तुमच्यासाठी घेतो आणि तुमच्याकडचं जुनं एक्सचेंजमध्ये देऊन टाकतो. शेवटी हसणारं तोंड. बेटा, तुले हसू आलं, मी हातातला घास ताटात ठेवला. तीन वर्षांखाली पुण्याले जाताना हे जुनं मशीन तूच टीव्हीखाली ठेवून गेला, काकाचा टाइमपास होईल म्हणून. त्यातल्या शेतीच्या खेळात मी वावर केलं. (गावचं वावर तुझा बाप पाहतो, आणि मले धुऱ्यावर उभं राहून सल्लाही देऊ देत नाही. हे त्याले वाचून दाखवू नको.) सारं पडीत होतं. गोटे वेचले, पाणी आणलं, भोपळा लावला, गाय घेतली. तिथं रानडुक्कर येत नाही, व्यापारी भाव पाडत नाही. असं वावर मले साऱ्या जन्मात भेटलं नाही, आणि तू ते एका ओळीत देऊन टाकायले निघाला.

बरं, वावर एकट्या माझं असतं तर मनाची समजूत घातली असती. पण त्यात बटईदार आहे. मागच्या वर्षी गुडघ्यासाठी धंतोलीच्या दवाखान्यात ॲडमिट झालो, तेव्हा गायीले चारा कोण घालणार म्हणून मी ते वावर समोरच्या फ्लॅटमधल्या शोभाताईले अर्ध्या बटईने दिलं, म्हणजे राबायचं तिने आणि पीक अर्धं-अर्धं. (काकू म्हणाली, गेमातली गाय उपाशी मरत नाही. मी म्हटलं, मरत नसेल, पण वाट तर पाहते.) रीतसर कागद केला, साक्षीदार म्हणून काकूची सही घेतली. त्यात मुदत लिहायची राहिली, ही माझी चूक. तेव्हापासून बाई रोज दुपारी तीनले येते ते पाचपर्यंत हलत नाही. नवरा गेल्यापासून तिच्या घरात बोलायले कोणी नाही, म्हणून काकू तिले चहा देते, आणि चहा झाला की बाई माझ्या भोपळ्याच्या जागी झेंडू लावते. विकत नाही, नुसती पाहत बसते. मी काही बोललो की पर्समधून कागद काढते.

आता हिले कोणत्या तोंडाने सांगू की तुझं अर्धं वावर एक्सचेंजमध्ये चाललं? दोन दिवस तीन वाजले की बँकेत जातो सांगून बागेत जाऊन बसलो. (पासबुक टेबलावरच राहिलं होतं, ते काकूने शोभाताईसमोर उचलून दाखवलं.) तिसऱ्या दिवशी सरळ महाल भागात गेलो, तिथल्या गेमच्या दुकानात. दुकानदार भला माणूस, त्याने आपल्या फोनवर नव्या मशीनचा व्हिडिओ दाखवला. मले विचारशील तर वस्तू देखणी आहे. पडदा मोठा, भोपळा भोपळ्यासारखा दिसेल. दोन्ही बाजूचे बटणांचे दांडे चुंबकाने खटकन बसतात. आपल्या जुन्याचा डावा दांडा बिघडल्यापासून माझा शेतकरी हात सोडला की आपोआप नदीकडे चालू लागते, मी चहा संपवतो तोवर तो काठावर जाऊन अडलेला. आणि टीव्हीच्या खोबणीतून उचललं की खेळ तिथूनच पुढं सुरू, म्हणजे काकूची मालिका लागली तरी शेतीचं काम थांबत नाही. (हे जुन्यातही होत होतं म्हणे. तू सांगितलं नाही. काकूले माहीत होतं, तिनेही सांगितलं नाही.)

पण मी त्याले एकच विचारलं, माझं वावर यात येते का? तो म्हणाला, जुने खेळ यात चालतात, आणि वावरही जसंच्या तसं येते, गायीसकट. फक्त दोन्ही मशिनी चालू करून शेजारी ठेवाव्या लागतात. जुनं आधीच देऊन टाकलं तर गेलं. माझा जीव भांड्यात पडला गा. रजिस्ट्री करतानाही हेच असते, देणारा आणि घेणारा दोघंही समोर हजर लागतात. दुकानातच बसलो, पाणी मागून प्यालो. घरी आलो आणि शोभाताईले सारं सांगून टाकलं. तिने फक्त विचारलं, झेंडू येते का? येते म्हटल्यावर पदराने डोळे पुसले, आणि वरून मलेच म्हणते, भाऊ, तुम्ही काहून रडून राहिले?

तेव्हा दिवाळीत नवं घेऊन ये, जुन्याच्या शेजारी ठेव, माझ्या डोळ्यांसमोर फेरफार कर, आणि मगच जुन्याले हात लाव. तोवर एक्सचेंजचं नाव काढू नको. काकूने तुझ्यासाठी तिळाची चटणी कुटून ठेवली आहे.

तुझा काका
रुपराव

ता. क. पत्र काकूले वाचून दाखवलं. ती म्हणते, जुनं दुकानात देण्यापेक्षा शोभाताईले द्यावं. तिच्या घरी तिचं वेगळं वावर होईल, रोजची कटकट मिटेल. मलेही पटलं. तसंच कर.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडलं. वरचं रद्द समज. मी काकूले विचारलं, शोभाताईचं वावर तिच्या घरी गेलं तर तीन वाजता ती इकडं काहून येईल? काकूने माझ्याकडे पाहिलं आणि चहाच्या आधणात शोभाताईच्या कपाचं पाणी वाढवलं. जुनं तू दुकानात दे, पुण्याले ने, काय करायचं ते कर, पण आमच्या मजल्यावर दोन मशिनी ठेवू नको. कागदात मुदत लिहायची राहिली आहे, ती तशीच राहू दे. आता आवरतो, बेल वाजून राहिली. आज बाईले भोपळ्यासाठी निदान एक ओळ मागून पाहतो.