नक्षत्र मेल, पाच दिवस उशिरा

२९ जानेवारी, बुधवार

अकरावा भाग झाला. उरले पंधरा.

रोज एक, संध्याकाळी सातला. या हिशेबाने १३ फेब्रुवारीला ‘नक्षत्र मेल’ संपते आणि आबा पुण्याला जातात. अट त्यांनीच घातली. समरजीतदादा, माझा भाऊ, दिवाळीपासून वडिलांच्या मागे लागला होता — आबा, पुण्याला चला, बिल्डिंगला लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे. डिसेंबरात मी शाळेत शिकवायला गेले असताना आबांच्या हातून दूध जळालं, पातेल्याचा कोळसा झाला, आणि दादाला मुद्दाच मिळाला. तेव्हा आबा म्हणाले, “एकदा नक्षत्र मेल पूरी बघू दे. मग येतो.”

दादाला वाटलं, आबा चेष्टा करतायत. मला माहीत होतं, नाही करत.

त्र्याण्णव साली रविवारी सकाळी ही मालिका लागायची. मी अकरा वर्षांची. ग्वाल्हेरची आमची अख्खी शिंदे की छावनी टीव्हीपुढे! अंतराळातून डाक नेणारं जहाज, कॅप्टन ईरा, आणि पत्र्याच्या ट्रंकेतून बनवलेला रोबो यंत्रबाबू. आता कुणा भल्या माणसाने जुन्या कॅसेटवरून सगळे सव्वीस भाग नेटवर टाकलेत. मध्येमध्ये पट्टे येतात, आवाज खरखरतो. थर्मोकोलचा ग्रह सरळ सरळ थर्मोकोलचा दिसतो. तरी माझ्या अंगावर काटा येतोच. मी विज्ञानाची बाई झाले ती या थर्मोकोलमुळे, आणि हे मुलांना सांगायची मला लाज वाटत नाही.

आबांचं प्रेम वेगळं. त्यांच्या मते ती रेल्वेच आहे. छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, ते गार्ड होते, ग्वाल्हेर ते श्योपूर, एकोणचाळीस वर्षं. आजच्या भागात ईरा समोरून येणाऱ्या जहाजासाठी थांबून राहते. आबा खूश! “क्रॉसिंग आहे. थांबावंच लागतं. ही बाई कायदे से चालते.”

आणि ती वही. गाडी सुटली की गार्ड वेळ लिहितो, पोहोचली की लिहितो, उशीर झाला तर कारण लिहितो. आबा अजून लिहितात — भाग सुरू झाला की घड्याळ बघून पेन्सिलीने काहीतरी खरडतात, संपला की परत. मी डोकावले तर वही मिटली. “सरकारी कागद आहे, बेटा.” रिटायर होऊन अठरा वर्षं झाली!

३० जानेवारी

आज मी अकरावाच परत लावला. मुद्दाम.

कसं सुचलं, माहीत नाही. शाळेतून येताना फूलबागेपाशी ऑटोत बसल्याबसल्या मोजत होते — चौदा, तेरा, बारा. एक दिवस चोरला, बस. म्हटलं, ओळखलं तर म्हणेन चुकून लागला.

त्यांनी ओळखलं नाही. क्रॉसिंगला परत म्हणाले, “थांबावंच लागतं.”

२ फेब्रुवारी, रविवार

चौदावा. यंत्रबाबू पत्रं चुकीच्या ग्रहावर टाकतो तो. आबा इतके हसले की ठसका लागला. मी पाणी आणलं, पाठ चोळली. त्यांच्या पाठीची हाडं हाताला लागतात आता.

वरच्या मजल्यावरच्या मंदाताई गाजराचा हलवा घेऊन आल्या. दिवसा त्याच आबांवर नजर ठेवतात. “आबा जाणार म्हणे? अरे देवा. मग दुपारी मी भांडू कुणाशी?” म्हणाल्या. सगळे हसलो. नंतर मी भांडी घासताना रडले. चव्वेचाळिसावं लागेल आता, आणि रडते कशावर, तर हलव्याच्या वाटीवर.

३ फेब्रुवारी

चौदावा परत. परत तिथेच हसले, तितकेच. मला मात्र हसू येईना.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल पंधरावा, आज पंधरावाच. आज मी त्यांच्याकडेच बघत बसले होते, पडद्याकडे नाही. चेहऱ्यावर काही नाही. वहीत वेळ लिहिली, चष्मा पुसला, म्हणाले, “छान झाला आजचा.”

आजचा!

मी दिवस चोरत होते आणि घरातून दुसरंच काही जात होतं. जरा जरा आठवायला लागले. चष्मा फ्रिजवर सापडला होता. परवा मला शालिनी म्हणाले — ती तर आत्या. पण हे तर मीही करते! वर्गात मी ध्रुवला युवराज म्हणते आणि युवराजला काहीही.

पंधरावा मात्र कालच पाहिला होता.

६ फेब्रुवारी

संध्याकाळभर लाइट नाही. भाग नाही. आम्ही दोघं अंधारात तिळाची गजक खात बसलो. आबांनी छोट्या लाइनची सगळी स्टेशनं ओळीने म्हणून दाखवली, एकही न चुकता. जुनं पक्कं राहतं म्हणतात, ताजं तेवढं जातं. मला हे आता कुणी सांगायची गरज नव्हती.

मी विचारलं, “आबा, तुम्हाला खरंच जायचंय?”

“सिग्नल पडला की गार्डला कोण विचारतं, गरू?”

“मी विचारतेय ना.”

“समरजीतला जबान दिलीय.” मग माझ्याकडची गजक मोडून त्यातली अर्धी मला परत दिली. “आणि तू किती दिवस शाळा-घर, शाळा-घर करणार? तुलाही सुटी पाहिजे.”

मला सुटी नको आहे. हे मोठ्याने बोलायला हवं होतं. बोलले नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल सोळावा झाला. आज सतरावा लावायचा तर मी सरळ नववा लावला. म्हातारी वेधशाळेत एकटी राहते आणि चाळीस वर्षांनी तिला पत्र मिळतं तो. आईचा आवडता. आई जाऊन सहा वर्षं झाली. ती या भागाला पदर तोंडावर घेऊन बसायची.

मला आई हवी होती आज, बाकी काही नाही. म्हातारीने पाकीट उघडलं आणि मी हमसून हमसून रडले. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सोळाव्यानंतर नववा आला आणि बोलले काहीच नाहीत!

९ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. “कुठवर आली तुमची मेल? आज बाविसावा ना?”

“आज सतरावा.”

“म्हणजे? रोज बघत नाही का?”

आणि माझ्या तोंडून गेलं. सगळं. की मी तेच तेच भाग लावते आणि आबांना कळत नाही. चार वेळा लावले, एकदाही कळलं नाही. मला वाटलं होतं, तो धीर देईल. मला कुणाला तरी सांगायचं होतं ना!

तिकडे दादाने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, “गरिमा, हे तू मला आज सांगतेयस? तू सात तास शाळेत. ते एकटे. गॅस आहे, जिना आहे. नाही, आता मालिका-बिलिका नाही. मी अठराला येतो, एकोणीसला शिवजयंतीची सुट्टी आहे, त्या दिवशी घेऊन निघतो.”

“दादा, थांब जरा —”

“तू रडू नकोस. तुझा काही दोष नाही.”

दोष सगळा माझाच आहे. मी दिवस मिळवायला गेले आणि तिकीटच काढून बसले. आता चोरी बंद. आजचा सोडून नऊ भाग, नऊ दिवस. बरोबर अठराला संपेल. आबा म्हणाले, “चलो, टाइमटेबल बसलं.” आणि वहीत लिहिलं.

१२ फेब्रुवारी

विसावा. शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवलं. फळ्यावर बाण काढता काढता विसरले कुठली दिशा. सबंध वर्ग ओरडला, “मॅम, नीचे!”

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आबांची पेटी भरायला घेतली. स्वेटर पुण्याला लागणार नाहीत, तरी दोन टाकले. गार्डची शिटी त्यांनी स्वतः रुमालात बांधून ठेवली.

मंदाताई जिन्यात अडवून म्हणाल्या, “आबांना काही झालेलं नाही हं. दुपारी मला तुमच्या त्या सीरियलची स्टोरी सांगतात, भागाच्या नंबर से. मी विसरते, ते नाही.” मी हं हं म्हटलं. आबा गेले की यांना करमणार नाही, म्हणून बोलतात बिचाऱ्या. दुपारच्या भांडणाची सोय जातेय ना.

१६ फेब्रुवारी

चोविसावा. जहाजातलं इंधन संपत आलंय. आबा म्हणाले, “कोळसा मोजून घ्यायला पाहिजे होता.” मी म्हटलं, आबा, अणुभट्टी आहे. “असेल. मोजायला काय जातं?”

किती आठवण येणार आहे मला या माणसाची.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दादा सकाळी आला. थकलेला, केस पांढरे झालेले. आबांच्या पाया पडला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिला, लहानपणी बसायचा तसा. मला त्याचा राग होता तो निम्मा तिथेच गेला. वाईट नाही माझा भाऊ. दूर आहे आणि घाबरलाय, एवढंच.

सातला तिघं बसलो. शेवटचा भाग. मेल शेवटच्या स्टेशनवर पोहोचते तर तिथे कुणीच नाही. अंधार. घरं बंद, डाक घ्यायला माणूस नाही. यंत्रबाबू विचारतो, “अब?” ईरा थैली खुंटीला लावते, दिवा लावते, जहाजाच्या वहीत लिहिते — डाक पहुँची. जहाज निघून जातं. खिडकीतला दिवा तेवढा दिसत राहतो. समाप्त.

“बस्स?” दादा म्हणाला. “मला वाटायचं, लढाई होते शेवटी!”

“लढाई कशाला?” आबा म्हणाले. “डाक पोहोचली ना.” घड्याळ बघितलं, लिहिलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लिहीत होते.

मग दादाने विषय काढलाच. अगदी हळू आवाजात, मला मान्य आहे. “आबा, तुम्हाला हल्ली आठवत नाही काही गोष्टी. हो ना? मध्ये तेच तेच भाग झाले म्हणे. तुमच्या लक्षात नाही आलं.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण. मी खाली बघितलं.

“हो रे,” आबा म्हणाले. “वय झालं. होतं असं कभी-कभी. गरूने सांभाळून घेतलं.”

दादाचे डोळे भरले. मी चहा करायच्या निमित्ताने आत गेले, आणि आतच उभी राहिले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारच्या गाडीने गेले. प्लॅटफॉर्मवर आबा आधी शेवटच्या डब्याकडे बघून आले, गार्डला नमस्कार करून आले, मग चढले. खिडकीतून माझा हात धरला आणि सुटेपर्यंत सोडला नाही.

घरी आले. टीव्हीपाशी वही होती. आबा वही विसरणार नाहीत. ठेवून गेलेत. सगळी वाचली. यातलं थोडं इथे उतरवते.

“३० जाने. भाग ११, दुसऱ्यांदा. सुटली ७.०२, पोहोचली ७.४६. उशिराचं कारण — गरू.”

“३ फेब्रु. भाग १४, दुसऱ्यांदा. कारण — गरू. मी हसलो म्हणजे तिला बरं वाटेल.”

“५ फेब्रु. भाग १५, दुसऱ्यांदा. कारण — गरू. माझ्याकडे बघत होती. बोलू नये.”

“६ फेब्रु. गाडी रद्द. लाइट नाही.”

“८ फेब्रु. भाग ९ परत. कारण — गरू. सुमनची आठवण.” आईची.

आणि काल, दादासमोर लिहिलेलं —

“१८ फेब्रु. भाग २६. सुटली ७.००, पोहोचली ७.४३. एकूण उशीर पाच दिवस. एक दिवस लाइट, चार दिवस मुलगी. अजून उशीर झाला असता तरी गार्डची हरकत नव्हती.”

गाडी अजून भोपाळलाही पोहोचली नसेल. दादाला फोन लावते.